वीट

चालता फोन होता.
हळू, पण चालता.
रेवतीचा. पॉलिटेक्निकच्या सगळ्या नोट्स त्यात.
मीच म्हणालो, थांब, याला नवं डोकं बसवतो,
मग बघ कसा पळतो.

रात्री दोन वाजता तो पळाला
कंपनीच्या नावापर्यंत.
नाव उजळलं. विझलं.
पुन्हा उजळलं.
दारात चपला काढायच्या
आणि आत न येताच परत घालायच्या,
असा पाहुणा, रात्रभर.

सकाळी तेही थांबलं.
जाणकार याला वीट म्हणतात.
रेवती म्हणाली, वीट तर मला आलाय, तुझा.
आईनं पोह्यांची बशी आदळत विचारलं,
'चालत्या फोनले हात काहून लावला बे?'
याचं उत्तर कुठल्याच फाईलमध्ये नव्हतं.

सीताबर्डीला, मोदी नंबर तीनच्या टोकाला
निखारे बसतो, भिंग कपाळावर चढवून.
त्यानं दोन बटणं दाबली, मग तिन्ही,
फोन कानाशी नेऊन नारळासारखा हलवला.
'बोर्ड जित्ता आहे. उठाचं कसं, ते भुलला फक्त.
सातशे होतील.'
मग माझ्या तोंडाकडे पाहून, फुकटात:
'पाठ उघड. बॅटरीपाशी दोन पिवळे ठिपके दिसतीन.
चिमट्यानं जोड, मोजून दोन सेकंद.
अन् केबल बदल आधी.
निम्मे फोन केबलच मारते.'

पाठ उघडायला गरम हवेचं यंत्र लागतं म्हणे.
आमच्याकडे गच्ची होती, आणि नागपूरचा मे.
शेहेचाळीस.
आईच्या कुरड्यांशेजारी पालथा ठेवला दुपारी एकला.
कावळाही फिरकला नाही.
वीस मिनिटांत गोंद सैलावला, पाठ नखानं निघाली,
उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी.

चिमटा रेवतीच्या भुवयांचा.
लॅपटॉप शेजारच्या धकातेंचा, ज्याचं एक बटण अडकतं.
केबल नवी, ऐंशीची.
थरथरणारा हात तेवढा माझा.
बाबा मागून बघत होते. चाळीस वर्षं मागावर,
तुटलेला धागा अंधारातही सापडतो त्यांना.
'दाबू नोको. टेकव फक्त.
गाठ तर नाही ना मारायची इथं?'
नाही.
'मग श्वास सोड अन् टेकव.'

टेकवला.
लॅपटॉपनं टुक् केलं.
पडदा काळाच, पण आत कुणीतरी हजेरी दिली.

मग जुनं डोकं चढू लागलं, कंपनीनं दिलेलं तेच,
थेंबाथेंबानं.
सलाईनसारखं म्हणणार होतो,
पण मेडिकलमध्ये काढलेल्या रात्री आठवल्या. नाही म्हणत.
कूलरचं पाणी संपलं, मोटर कोरडीच घरघरू लागली,
बादली आणायला कुणी उठलं नाही.
चौऱ्याण्णव टक्क्यांवर लाइट गेली.
लॅपटॉपमध्ये उरली अकरा मिनिटं,
आणि त्या अकरा मिनिटांत आम्ही चौघं
दाटीवाटीनं बसून राहिलो.

नाव उजळलं.
विझलं नाही.

भाषा निवडा, म्हणाला.
फोटो गेले होते, नोट्स गेल्या होत्या.
रेवतीनं इकडेतिकडे बोट फिरवलं.
'पहिल्याइतकाच हळू आहे,'
म्हणाली आणि हसली, म्हणजे माफ.
नोट्स मी उतरवून द्यायच्या, हाताने.

कोपऱ्यात तारीख होती:
एक जानेवारी, एकोणीसशे सत्तर.
बाबांनी चष्मा नाकावर ओढला.
'सत्तर?'
तेव्हा गोळीबार चौकापासून आपल्या गल्लीपर्यंत
रात्रीही माग थांबत नव्हते, म्हणाले.
बंद पडले तर लेकरं दचकून उठायची.

रेवती तारीख बदलायला गेली.
'राहू दे ना जराशी.'

राहिली.
मग सिम आत गेलं, टॉवर सापडला,
आणि कुणाला न विचारता
सगळी वर्षं एकदम पुढे सरकली.